पालकाच्या रकान्यातला अंगठा

दादा, तुम्ही सही केली नव्हती. तुम्ही गेलात तेव्हा जे तुमचं वय होतं, त्याच्या कितीतरी पुढे आज मी आले आहे. केस पांढरे झाले, शिकवायची नोकरी करून निवृत्त झाले, तरी तुमच्याशी मनातल्या मनात बोलायला लागले की सुरुवात तिथूनच होते. लोक म्हणतात, मेलेल्या माणसाशी कसलं भांडण. मला ते कधीच पटलं नाही. जिवंत असताना तुम्ही भांडणाच्या मध्येच उठून शेतावर निघून जायचा, आता तरी तुम्हाला उठता येत नाही.

आई गेली तेव्हा मी इतकी लहान होते की तिचा चेहरा मला आठवत नाही. मला वाढवलं आत्यानं. ती तुम्हाला दादा म्हणायची म्हणून मीही दादा म्हणायला लागले, आणि तुम्ही ते कधी सुधारलं नाहीत. साखऱ्याच्या अलीकडचं आपलं गाव, कोरडवाहू काळी जमीन, तुमच्याकडे पोलीस पाटीलकी, दारात चार बैलजोड्या. उत्तरेला थोडं गेलं की निजामाचं राज्य संपायचं आणि इंग्रजांचं वऱ्हाड लागायचं. मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. इकडे मुलींना शाळा नव्हती, तिकडे होती. अमरावतीला राहणाऱ्या मामांनी मला तिकडे शिकायला नेतो म्हटलं तेव्हा सगळं गाव तुम्हाला नको म्हणत होतं आणि तुम्ही मात्र व्हय म्हणालात. हे मी विसरलेली नाही. पण तुमच्याशी भांडायचं तर हेही मधे येतं, आणि तेच मला सगळ्यात जास्त छळतं.

जाताना तुम्ही हिंगोलीहून पत्र्याची नवी पेटी आणली होती. तिच्या झाकणावर पेंटरकडून पांढऱ्या रंगात तुमचं नाव, पाटीलकी, गाव, जिल्हा परभणी, सगळं लिहून घेतलं होतं. ती हरवली तर बराबर घरी येईल म्हणालात. वसतिगृहातल्या मुली विचारायच्या, ही पेटी कोणाची? मी म्हणायची, माझी. त्या म्हणायच्या, तुझं नाव कुठाय? मग एका सुट्टीत मी कापसाच्या जिनिंगमधल्या माणसाकडून थोडं डांबर मागून आणलं आणि तुमच्या नावाखाली काडीनं माझं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं, ओघळलं. दिवाळीला घरी आले तेव्हा तुम्ही ते पाहिलंत, बोटानं चाचपून पाहिलंत, आणि एवढंच म्हणालात, "पोरगं असतं तर बरं झालं असतं." ते कौतुक होतं की दुःख, मला तेव्हाही कळलं नाही.

त्याच्याही आधीचा एक दिवस आहे. हिवाळा आहे, खळ्यावर ज्वारीची रास पडली आहे आणि मी तुमच्या मांडीवर बसले आहे. सुतार येतो, लोहार येतो, तुम्ही सुपानं त्यांच्या वाट्याचं धान्य त्यांच्या पोत्यात घालता. मग गावकुसाबाहेरची एक बाई येते. ती लांब उभी राहते, पदर पसरते. तुम्ही उभे राहता आणि सूप उंच धरून वरून ज्वारी ओतता. वारा आहे. निम्मे दाणे मातीत पडतात, ती वाकून वाकून वेचते. मी विचारते, "दादा, वरून काहून टाकता? सांडून राहिलं ना." खळ्यावरचे सगळे वळून माझ्याकडे बघतात. तुम्ही मला काखेत उचलून घरी आणता, ओसरीवर आदळल्यासारखं बसवता. "खळ्यावर पोरीच्या जातीनं तोंड उघडायचं न्हाई. समजलं?" त्यानंतर तुम्ही मला खळ्यावर कधीच नेलं नाहीत. मी मात्र त्या दिवसापासून खळ्यावरून कधी उठलेच नाही, असं म्हटलं तरी चालेल.

अमरावतीच्या कॉलेजात माझे एक प्राध्यापक होते, अर्थशास्त्र शिकवायचे. मी सारखे प्रश्न विचारायची म्हणून एकदा म्हणाले, तुम्ही विचारता ते अर्थशास्त्र नाही, त्याला समाजशास्त्र म्हणतात. त्यांनी मला दोन जाड पुस्तकं वाचायला दिली. बी.ए. झाले तेव्हा त्यांनीच सांगितलं की अमेरिकेतल्या एका विद्यापीठात हा विषय एम.ए.ला आहे, बाहेर देशच्या विद्यार्थ्यांना तिथे घेतात, आणि निवड झाली तर राहण्या-जेवणाची सोयही तेच करतात. अर्जासोबत एक निबंध मागितला होता: तुम्हाला आतून माहीत असलेल्या एखाद्या समाजाबद्दल लिहा. सर म्हणाले, "पुस्तकातलं काही लिहू नका. ते त्यांच्याकडे भरपूर आहे."

सत्तेचाळीसचा हिवाळा होता. मी अर्ज घेऊन गावी आले आणि तुम्हाला ओसरीवर सांगितलं.

"कशाचं शिकनार म्हन्ते?" तुम्ही विचारलंत.

"समाजशास्त्राचं. माणसं एकमेकांशी अशी का वागतात, कोणी कुठं बसायचं, कोणी कोणाच्या हातचं पाणी प्यायचं, हे कोणी ठरवलं, त्याचं."

"म्हंजे काहूनचं शास्त्र म्हन की." तुम्ही हसलात. "ते तर तू एवढीशी व्हतीस तवापासून करून राहिली." आणि मग हसणं थांबवून म्हणालात, "समाज शिकाले समाज सोडून सातासमुद्रापार काहून जा लागते? इथं काय समाज कमी हाय?"

दादा, तुमच्या या प्रश्नाला मी पुढे आयुष्यभर उत्तरं देत आले. वर्गात दिली, भाषणांत दिली. त्या दिवशी मात्र एवढंच म्हणाले की इथं विचारलं तर तुम्ही उचलून घरी आणता. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुम्हाला खळं आठवलं होतं, हे मला दिसलं.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी पाटावर बसलात आणि म्हणालात, काय लिवलं ते मराठीत सांग, मग सही करतो. आत्या चुलीशी तुरीच्या शेंगा सोलत होती. मी इंग्रजी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. खळ्याचं सगळं लिहिलं होतं, वरून ओतलेल्या ज्वारीसकट. तुम्ही ऐकत होता, मधेच सुपारी कातरत होता. मग मी पुढचं वाचलं: आमच्या गावात ज्याच्याकडे दोन एकर जमीन आहे त्याची मुलगी विधवा झाली तर तिचा मोहतूर लागतो, ती दुसऱ्या घरी नांदायला जाते. ज्याच्याकडे शंभर एकर आहे त्याच्या घरात मोहतूर लागत नाही, कारण त्याला वरच्या पायरीवर राहायचं असतं. म्हणजे आमच्याकडे घराची जमीन जितकी जास्त, तितकी घरातली विधवा गरीब. आमच्या घरात अशी एक बाई आहे. पंधरा वर्षांची व्हायच्या आत ती परत आली. पहाटे सगळ्यांच्या आधी उठते आणि सगळ्यांच्या मागून जेवते. तिनं मला वाढवलं आहे.

अडकित्ता थांबला. शेंगा सोलायचा आवाजही थांबला.

"खळ्याचं राहू दे," तुम्ही म्हणालात. "ते समद्या गावात तसंच हाय. तुह्या आत्याचं तेवढं काढून टाक."

"नाही काढणार."

"घरातली गोष्ट हाय ती."

"घरातली आहे म्हणूनच मला ठाऊक आहे."

"परमुलखातली मानसं वाचतीन ते. पाटलाच्या घरची बाई..."

"दादा, राहू द्या." हे आत्या म्हणाली. तुमच्यासमोर मधे बोलताना मी तिला त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. ती चुलीकडे तोंड करूनच बोलत होती. "माह्याबद्दल लोकं बोलतेत ते हवेत जाते. हिनं लिवलं. राहू द्या तेवढं."

तुम्ही तिच्या पाठीकडे बघितलंत. मग अर्जाचा कागद हातात घेतलात. देशाच्या रकान्यात मी आधीच भारत असं लिहून टाकलं होतं. सरांनी मला सांगितलं होतं की तुमच्या राज्याचं अजून काही ठरलं नाही, तो रकाना मोकळा सोडा. मी सोडला नाही. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं, पण तुम्ही बोट ठेवून विचारलंत आणि मी खोटं बोलले नाही. "हा कागद कोणी धरला तर पाटीलकी जाईन माही," तुम्ही म्हणालात. ते खरं होतं. निजाम अजून भारतात सामील झाला नव्हता, आणि त्या दिवसांत याहून लहान गोष्टींसाठी त्याचे शिपाई माणसं उचलून नेत होते. मला तुमची भीती दिसत होती आणि तरी मी म्हणाले, "देश माझा आहे, मीच भरणार."

"मंग सही बी तूच कर." तुम्ही कागद पाटावर ठेवलात, पायतण घातलं आणि शेतावर निघून गेलात. ओसरीवरून उतरतानाचा तुमचा तो पाठमोरा सदरा मला आजही दिसतो, आणि आजही मला त्याचा राग येतो. तुम्ही ओरडला असता तर मी ओरडले असते. तुम्ही कागद फाडला असता तर मी दुसरा लिहिला असता. पण तुम्ही नुसतं मला एकटं सोडलंत.

आत्यानं हात पदराला पुसले. "तिथं कोनाची सही पायजे?"

"पालकाची."

"पालक म्हंजे?"

"ज्यानं पाळलं तो."

"मंग तुले पाळलं कोनी?"

मी काही बोलायच्या आत तिनं चुलीवरचा तवा उचलून उपडा केला, त्याच्या बुडाला थोडं तेल लावलं आणि आपला अंगठा त्या काजळीवर घासला. "कुठं लावू, दाव." मी जागा दाखवली. तिनं अंगठा इतका जोरात दाबला की कागद भाकरीसारखा मधे खोलगट झाला. खाली मी इंग्रजीत लिहिलं की हा माझ्या पालकाचा अंगठा आहे, त्या माझ्या वडिलांच्या बहीण आहेत, मला त्यांनी वाढवलं आहे. मग आम्ही दोघी मोठ्यानं हसलो. का हसलो कोण जाणे. त्या स्वयंपाकघरात मी तिला एवढं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

आपल्या इकडच्या टपालावर माझा विश्वास नव्हता, म्हणून पाकीट रिसोडला जाऊन टाकायचं ठरलं. आत्या गड्याला म्हणाली, गाडी जुंप, आणि स्वतः माझ्याबरोबर बसली. पाटलाची विधवा बहीण उघड्या गाडीतून मुलुख ओलांडायला निघाली, हे बघायला लोक दारात आले होते. नाक्यावरच्या शिपायानं गाडी थांबवली. पाकीट बघून म्हणाला, "क्या है इसमें?"

"कागद हैं. मेरे."

"किधर भेजते?"

"अमेरिका."

त्याला गंमत वाटली. "अमेरिका में कौन है तुम्हारा?"

"अभी तो कोई नहीं," मी म्हणाले. त्यानं पाकीट उलटंसुलटं केलं. आत एक निबंध होता ज्यानं माझ्या घराची अब्रू गेली असती, आणि एक शब्द होता ज्यानं तुमची पाटीलकी गेली असती. मी नजर खाली घातली नाही, दादा. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगते. आत्या पदर पुढे ओढून बैलांकडे बघत होती. त्यानं पाकीट परत दिलं आणि बैलाच्या पाठीवर थाप मारली.

पुढचा पावसाळा कसा आला ते तुम्हाला सांगायला नको. निजामाच्या बाजूच्या टोळ्या गावं लुटत होत्या, लोक बायकापोरांना घेऊन वऱ्हाडात पळत होते. आपणही गेलो. रिसोडच्या एका बंद जिनिंगच्या शेडमध्ये कापडाचे आडोसे करून आपल्या इकडची कितीतरी घरं राहत होती. एकच पाण्याचा हौद. पहिल्या दिवशी तुम्ही पाण्याला गेला नाहीत, तहानलेले राहिलात. दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्यांच्या रांगेत घागर घेऊन उभे होता आणि तुमच्यापुढे गावकुसाबाहेरची माणसं होती. तुम्ही मला बघून मान वळवलीत. मी काही म्हणाले नाही. तेवढा शहाणपणा माझ्यात होता.

तिथेच तुम्हाला ताप आला. आणि तिथेच मामा अमरावतीहून पत्र घेऊन आले. मला प्रवेश मिळाला होता, राहण्याजेवणाची सोयही झाली होती. मी तुमच्या अंथरुणाशी बसून सांगितलं. तुम्ही डोळे मिटून पडला होता. तसेच पडून विचारलंत, "आत्याचं काढलंस का शेवटी?"

"नाही."

"तरी घेतलं त्यायनं?"

"त्यांनी लिहिलंय, त्या भागामुळंच घेतलं."

मी वाट बघत होते की आता तरी म्हणाल, जा. एवढा एकच शब्द. पण तुम्ही म्हणाला नाहीत. ती गाठ तुम्ही शेवटपर्यंत सोडली नाहीत आणि मीही मागायला आले नाही. मी तुमचीच मुलगी होते.

पण एक सकाळ आहे जी तुम्हाला वाटत असेल मला माहीत नाही. मी आडोशाच्या अलीकडे तांदूळ निवडत होते. पलीकडे आत्या तुमच्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवत होती. तुम्ही तिला विचारलंत, "तवा तुहा मोहतूर लावून देला असता, तं तू गेली असतीस का?"

मला वाटलं, ती म्हणेल, आता कशाला तो विषय. मला वाटलं, ती रडेल. तिनं पट्टी पिळली, परत ठेवली आणि म्हणाली, "व्हय, दादा. गेली असते."

आत्या बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा कोरडा होता. चार-पाच दिवसांनी तुम्ही गेलात. तुम्हाला आपल्या शेताची माती मिळाली नाही, पैनगंगेच्या काठावर परक्या गावात अग्नी दिला. राज्य बदलायला त्यानंतर फार दिवस लागले नाहीत.

पासपोर्टसाठी मी नागपूरला गेले होते तेव्हा तिथला अधिकारी म्हणाला होता, बाई, तुमचं गाव अजून आमच्या देशात नाही. मी म्हणाले, गाव नसेल, पण गावची माणसं तुमच्या जिनिंगमध्ये झोपली आहेत, ती कोणत्या देशात आहेत ते लिहून द्या. त्यानं मला बाहेर घालवलं. हैदराबादेत भारताची फौज शिरल्यावर मी परत त्याच टेबलाशी जाऊन उभी राहिले. या वेळी त्यानं खुर्ची दिली. विद्यापीठानं माझी जागा पुढच्या सत्रापर्यंत राखून ठेवली होती. वर्ष संपता संपता मी मुंबईहून बोटीत बसले. आत्या धक्क्यावर आली नाही. ती गावी परत गेली होती, कारण ज्वारी कापणीला आली होती.

त्या हिवाळ्यात खळ्यावर तुमच्या जागी आत्या बसली. मामांनी कळवलं की धान्य वाटायला बाई बसली म्हणून अख्खं गाव बघायला जमलं होतं. पत्राचा तेवढा भाग वाचून मी खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या. पुढच्या ओळीत लिहिलं होतं की गावकुसाबाहेरच्या बायका आल्या तेव्हा तिनंही सूप उंच धरून वरूनच ओतलं. तिला रागानं पत्र लिहायला बसले आणि लिहू शकले नाही. तुमच्यावर रागावणं किती सोपं होतं, हे मला तिथे, त्या बर्फात कळलं. पण सोपं होतं म्हणून चूक होतं असं मात्र मी मानत नाही. तुम्ही सही करायला हवी होती. तुम्ही तिला तो प्रश्न तरुणपणी विचारायला हवा होता. हे मी आजही तुमच्या तोंडावर म्हणेन.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते मला ठाऊक आहे. पण टाकता आलं असतं तरी टाकलं नसतं, कारण यात एक गोष्ट लिहायची आहे जी तुम्हाला कळावी असं मला वाटत नाही. तिथे पहिल्याच सत्रात आमच्या वर्गात माझा तो निबंध वाचला गेला. लंबवर्तुळाकार टेबल, दहा-बारा विद्यार्थी, सगळे हुशार. चर्चा सुरू झाली आणि ते तुमच्याबद्दल बोलायला लागले. एक जण म्हणाला, हा माणूस क्रूर आहे. दुसरी म्हणाली, अशा बापाच्या घरातून ही मुलगी कशी निसटली. मी लिहिलेल्यापेक्षा त्यांनी एक शब्दही जास्त म्हटला नव्हता. आणि मी उठून उभी राहिले, दादा. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी त्यांना तुमच्या तापातल्या त्या सकाळची गोष्ट सांगितली, मला शाळेत कोणी घातलं ते सांगितलं, आणि माझा आवाज इतका चढला की प्राध्यापकांनी मला पाणी दिलं. तुम्हाला वाईट म्हणायचा हक्क त्या टेबलाभोवती कोणालाच नव्हता. तो फक्त माझा आहे, आणि मी तो अजून कोणाला दिलेला नाही.